वहिनीची पाच वाक्यं

माझी वहिनी चार महिने मला सांगत होती की ती आजारी आहे, आणि चार महिने मी तिला शाबासकी देत होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे लिहिताना स्वतःची बाजू सावरून घ्यायची मला खोड आहे आणि या वेळी मला ती सावरायची नाही.

मी कांदिवलीच्या एका शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांतच चारकोपचं घर खायला उठलं, तेव्हा डायनिंग टेबलाभोवती बायकांचा क्लास सुरू केला. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा. चौथ्या मजल्यावरची एक होती, तिला सुनेच्या माहेरच्यांपुढे मुकी होऊन बसायचा कंटाळा आला होता. बी विंगमधल्या दोघी जावा होत्या. त्या भाजी आणायलासुद्धा जोडीने जायच्या, मग क्लासला एकटी कशी येणार? आणि चौथी दहिसरहून बसने येणारी माझी सख्खी वहिनी.

वहिनीला इंग्रजी हवं होतं ते लेकीसाठी. माझी भाची कॅनडात असते. तिला दिवस गेले होते, बाळंतपण जानेवारीत. आधी एकदा असंच झालं होतं आणि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं, तेव्हा पोर तिथे एकटी होती, जावई कुठेतरी कामाला बाहेरगावी. फोनवर आठ दिवस नुसती रडायची. वहिनीने तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी काय वाट्टेल ते होवो, मी तिच्याजवळ असणार. डिसेंबरचं तिकीट दादाने जूनमध्येच काढून ठेवलं.

“पण तिकडची नर्स काय माझ्याशी मालवणीत बोलतली?” वहिनी म्हणाली. “ताई, माका सगळा शिकव. दुखणं, खुपणं, ताप, औषध. पोरीक कायतरी होत असलं तर माका सांगता येऊक होया.”

लग्न होऊन मुंबईत आली त्याला पस्तीस वर्षं झाली, पण जीव कासावीस झाला की ती मालवणीवर यायची. एरवी आमच्यासारखंच बोलायची.

म्हणून आम्ही ‘हेल्थ अँड लाइफस्टाइल’पासून सुरुवात केली. माझी शिकवायची पद्धत शाळेतलीच. प्रत्येकीने घरून पाच वाक्यं लिहून आणायची, वर तारीख घालायची, शुक्रवारी वही माझ्याकडे ठेवून जायची आणि मंगळवारी परत न्यायची. मी लाल पेनाने तपासणार. मग शेवटचा अर्धा तास नाटक. मी डॉक्टर, गळ्यात जुना इअरफोन अडकवायचा, समोरच्या खुर्चीत पेशंट. बायकांना हा भाग फार आवडायचा. एरवी नवऱ्यापुढे ‘पाय दुखतो’ म्हणायला लाजणाऱ्या बायका तिथे हार्ट अटॅकपासून सर्पदंशापर्यंत काहीही आणायच्या. धाकट्या जावेने एकदा स्वतःला एकाच वेळी मलेरिया, डेंगी आणि फ्रॅक्चर करून घेतलं. आम्ही हसून हसून बेजार.

वहिनी मात्र या बाबतीत पहिल्या दिवशी बिचकली. आमच्या घरात, आणि तिच्या माहेरी तर फारच, अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही हा दंडक. तांदूळ संपले असं कधी म्हणायचं नाही, तांदूळ वाढले. बांगडी फुटली नाही, वाढवली. घरातून निघताना ‘जाते’ म्हणालं की आई उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि ‘येते’ म्हणायला लावायची. वास्तू सगळं ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. तिन्हीसांजेला तर जास्तच. मी शिकलेली, मी या सगळ्याला हसायचे. वहिनी हसायची नाही.

त्या पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावरचीच म्हणाली, “टीचर, सहा वाजत आले. दिवेलागणीच्या वेळी कशाला रोगांची नावं घ्यायची?”

मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “अगो, इंग्लिशमधी चलता. वास्तूक खंय इंग्लिश कळता?”

टेबलावर हशा पिकला. मला तर ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर मी भेटेल त्याला तो किस्सा सांगत होते. माझ्या वहिनीचं डोकं बघा कसं चालतं म्हणून. त्या दिवसापासून ती रोज पेशंट व्हायला तयार असायची. उलट, दुसरी कुणी उठायच्या आत हीच खुर्चीत जाऊन बसायची.

आषाढातली तिची वाक्यं मला पाठ आहेत. ‘आय फील टायर्ड इन द मॉर्निंग. आय हॅव नो ॲपेटाइट. आय ईट टू स्पून अँड माय स्टमक इज फुल.’ मी ‘स्पून’ला लाल गोल केला, पुढे अनेकवचन लिहिलं आणि समासात ‘गुड’. ‘ॲपेटाइट’ हा शब्द तिने न विचारता वापरला होता, त्याचं मला केवढं कौतुक! बाकीच्यांना ती वही वाचून दाखवली. बघा, सातवी शिकलेली बाई आणि तुम्ही ग्रॅज्युएट.

श्रावणात लिहिलं, ‘माय ब्लाउज इज लूज. बट माय स्टमक इज टाइट. आय वेअर माय साडी डिफरंटली.’ मी ‘व्हेरी गुड’ दिलं. ‘डिफरंटली’बद्दल.

खरोखर ती बारीक होत चालली होती, आणि ते आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. चांगलं दिसत होतं. गणपतीला ती नेहमीप्रमाणे गावाला गेली, दहा दिवस घरभर माणसांचं रांधून परत आली आणि दारातच दोघी जावांनी तिला घेरलं. “वहिनी, कसली झकास दिसतेस गं! काय डाएट करतेस, सांग ना!” मी लगेच संधी साधली. चला, आजचे शब्द: स्लिम, फिट, ॲक्टिव, डाएट, वर्कआउट. वहिनीला मध्ये उभं करून पाचही शब्द तिच्यावर वापरायला लावले. ती हसत उभी होती. पदर पोटावरून आडवा घेऊन खोचला होता, दोन्ही हात त्यावर. आज ते चित्र आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती पेशंटच्या खुर्चीत बसली. मी इअरफोन अडकवला आणि विचारलं, “येस मॅडम, व्हॉट इज द प्रॉब्लेम?”

वहिनी माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “डॉक्टर, माय पीरियड्स स्टॉप्ड सिक्स इयर्स अगो. नाऊ अगेन आय सी ब्लड.”

एकही चूक नव्हती. थोरली जाऊ म्हणाली, “अगं बाई, ही तर ॲक्टिंगच करायला लागली!” आणि टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणून मी तिला तोऱ्यात सांगितलं, “यू मस्ट डू सम टेस्ट्स.” ती म्हणाली, “येस डॉक्टर, बट आय हॅव टू गो टू माय डॉटर फर्स्ट.” पुन्हा टाळ्या.

काहीच खटकलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. मला खटकलं. चहा गाळताना स्वयंपाकघरात ती कप मांडायला आली तेव्हा मी मराठीत विचारलं, “वहिनी, खरंच काही होतंय का गं तुला?”

“माका काय धाड भरली?” ती म्हणाली. “तूच म्हणतंस ना, पेशंट हो, पेशंट हो. आता झाले तर इचारतंस!” आणि तिने बशीतली बिस्किटं गोल लावायला घेतली.

मी सुटले. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं होतं, माझं कर्तव्य संपलं. खरं सांगायचं तर मला दुसरं उत्तर नकोच होतं. दिवाळीनंतर तिचं सामान भरायचं होतं, मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. दादा किती खूश होता. त्यात कुठे हे काढायचं?

नवरात्र गेलं, दिवाळी आली. वहिनी बसमधून उतरून माझ्या गेटपर्यंत यायला आता दोनदा थांबायची. मी बाल्कनीतून बघायचे. विचारलं तर ‘गुडघे’ म्हणायची. मी तिला ‘नी पेन’ शिकवलं. तिने ते कधी वापरलं नाही, हेही मला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी ती प्रवासाच्या विम्याचा फॉर्म घेऊन आली. बाकीच्या गेल्यावर आम्ही दोघी बसलो. मी पेन काढलं तर ती म्हणाली, “थांब ताई, मीच वाचते.” आणि खरंच वाचायला लागली, बोट ठेवून, मोठ्याने. ‘हॅव यू लॉस्ट वेट विदाउट एनी रीझन?’ खूण केली, नो. ‘डू यू हॅव लॉस ऑफ ॲपेटाइट?’ नो. ‘स्वेलिंग ऑफ द ॲब्डोमेन?’ नो. एकाही शब्दाचा अर्थ तिने मला विचारला नाही. मला भरून आलं होतं. वाटलं, तेहतीस वर्षांत इतकी गुणी विद्यार्थिनी मिळाली नाही.

मग ‘एनी अनयूज्वल ब्लीडिंग?’ वाचलं आणि ती थांबली. पेन उचललं. पुन्हा टेकवलं. कागदावर निळा ठिपका उमटला. मला वाटलं शब्द अडला, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं, तर ती पटकन म्हणाली, “कळला माका,” आणि नो वर खूण केली. इतक्या जोरात, की मागच्या पानावर वळ उठला.

ती गेल्यावर तो ठिपका माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वह्या तपासायला बसले. दिवाळीमुळे तुंबल्या होत्या. एरवी मी चारही वह्या तारखेवार तपासते, आजचं वाक्य घ्यायचं, लाल करायचं, पुढची वही. त्या दिवशी पहिल्यांदा एकेकीची वही पहिल्या पानापासून वाचली. धाकट्या जावेची: मलेरिया, मग दातदुखी, मग कुत्रा चावला, मग पोलिओ. थोरलीची: सर्दी, किडनी स्टोन, टायफॉइड. चौथ्या मजल्यावरचीला तर एका शुक्रवारी दिवसही गेले होते, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. सगळ्यांचे रोग दर आठवड्याला बदलत होते.

वहिनीच्या वहीत पेशंट एकच होता. तो आषाढात थकला आणि जेवेनासा झाला होता, श्रावणात त्याचं पोट फुगलं, गणपतीनंतर रक्त, मग कंबर धरून येणारी कळ, मग ‘आय कॅनॉट स्लीप ऑन लेफ्ट साइड’. मध्ये कुठे बरं वाटल्याचं एकही वाक्य नाही. तारखा घातलेल्या. आणि प्रत्येक पानाखाली माझं लाल अक्षर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पोरांच्या निबंधातून घरची भांडणं ओळखली होती, बापाची दारू ओळखली होती. आणि माझ्या सख्ख्या वहिनीचं जगणं-मरणं माझ्या टेबलावर चार महिने पडून होतं, तर मी त्यातलं अनेकवचन दुरुस्त करत बसले. काय म्हणावं मला? वही तशीच पर्समध्ये कोंबली आणि रिक्षा करून दहिसरला गेले.

पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दादा हॉलमध्ये टीव्हीसमोर. वहिनी ओट्याला टेकून उभी, मांदेलीला रवा लावत होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि वही तिच्यासमोर उघडी टाकली. तिने एकदा वहीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात धुवायला वळली.

“हे खरं आहे ना?”

नळ चालूच.

“वहिनी, तोंड उघड. कुणाला सांगितलंयस? दादाला?”

“कुणाकच नाय,” ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, “घरात बोललंय असतंय तर झालाच असता ता. तुझ्याकडे येऊन बोललंय की बरा वाटायचा. भार उतरल्यासारखा. इंग्लिशमधी बोलल्यावर काय ता खरा होणा नाय.” मग माझे दोन्ही हात धरले, तिचे ओले होते. “ताई, पाया पडतंय तुझ्या. एवढा बाळंतपण होऊन जाऊ दे. परत इल्यावर तू म्हणशीत त्या डॉक्टरकडे येतंय. पोर एकटी आसा गो थय.”

माझं डोकं फिरलं. मला राग आला की असा येतो, मागचं पुढचं दिसत नाही. मी ओरडले, “बाळंतपण गेलं खड्ड्यात! तू मरशील इकडे, कळतंय का तुला?”

तिने झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या बोटांना मिठाचा आणि मासळीचा वास येत होता. डोळे विस्फारलेले, देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे वळलेले. चार महिने स्वतःच्या पोटातलं दुखणं सोसलेली बाई, पण माझ्या त्या एका वाक्याने पांढरीफटक पडली. हॉलमधून दादाने विचारलं, “काय झालं गं?” आणि वहिनी माझ्या तोंडावरचा हात न काढता म्हणाली, “काय नाय, तेल उडाला.”

सोमवारी मी तिला बोरिवलीच्या एका लेडी डॉक्टरकडे नेलं. परदेशी जायच्या आधीचं चेकअप, असं दादाला सांगितलं होतं. तो म्हणाला, मीही येतो, मला काय काम आहे. त्याला नको कसं म्हणणार?

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेलं. बराच वेळ लागला. आम्ही दोघं बहीणभाऊ बाहेरच्या खुर्च्यांवर. दादा सांगत होता की कॅनडात थर्मल घालावे लागतात, तिला दोन जोड घेतलेत. बाई बाहेर आल्या, हात धुतले, आमच्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर मघाचं हसू नव्हतं. वहिनी साडी सारखी करत येऊन बसली.

“कधीपासून होतंय हे?” बाईंनी मराठीतच विचारलं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. “झाले असतील पंधरा दिवस,” ती म्हणाली.

त्या नजरेतलं मला सगळं कळलं. ती तिकीट वाचवत होती, आणि मलाही वाचवत होती. मी गप्प बसले असते तर दादाला कधीच काही कळलं नसतं. एक क्षण, खोटं कशाला बोलू, एक क्षण मला तसंच गप्प बसावंसं वाटलं.

“चार महिने,” मी म्हणाले. “भूक आषाढापासून नाही. पोट श्रावणात. रक्त गणपतीनंतर.”

बाईंनी लिहायचं थांबवून वर बघितलं. “एवढं? आणि आत्ता येताय?” मग सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली.

दादा माझ्याकडे वळला. “तुला कसं ठाऊक?”

“ती मला सांगत होती.”

“मग?”

नाटक होतं रे, अभ्यास होता, असं काय काय माझ्या तोंडाशी आलं आणि त्या केबिनमध्ये त्यातलं काहीच बोलता येईना. वहिनी खाली मान घालून पदराचा काठ चाचपत राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या, ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायची ती औषधं. तिकीट रद्द झालं. माझ्या भाचीला जानेवारीत मुलगी झाली, एकटीच हॉस्पिटलात गेली ती. वहिनीने नात फोनच्या स्क्रीनवर बघितली. भाची विचारत होती, आत्या, आईने इतके दिवस कुणालाच कसं सांगितलं नाही गं? मी म्हटलं, सांगितलं होतं, मला.

क्लास मी बंद केला. दोघी जावा विचारून गेल्या, परत कधी सुरू करणार, आता तर आमचा ट्रॅव्हलचा धडा होता ना. मी त्यांच्यावर उगाच खेकसले. त्यांचा काय दोष होता?

दादाने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. मी गेले की ये म्हणतो, चहा टाकतो, खुर्ची पुढे करतो. फक्त वहिनीच्या तब्येतीचं माझ्याजवळ बोलत नाही. नवीन रिपोर्ट आला हे मला भाचीकडून कळतं. गेल्या महिन्यात एक आला, त्याबद्दल भाचीही काही बोलली नाही. मी दोनदा विचारलं, तर बाळ रडतंय म्हणून तिने फोन ठेवला.

वहिनी खिडकीपाशी पडून असते, डोक्याला रुमाल. दादा औषधं आणायला उतरला की आम्ही दोघीच उरतो. मी खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढते आणि विचारते, “टेल मी, हाउ आर यू फीलिंग टुडे?” दर वेळी विचारते. हळू विचारते, घाई नसल्यासारखं. तिला सगळे शब्द येतात, मीच शिकवलेत. ती माझ्याकडे बघते, थोडी हसते आणि मराठीत म्हणते, “बरी आहे मी.”